ॲमिगावर केलेले ॲनिमेशन इतरांना त्यांच्याच जुन्या संगणकावर पाहता यावे यासाठी कोणता प्लेअर आणि कोणती पद्धत योग्य ठरेल?

काठावरचा_बगळा (प्रश्न):

नमस्कार. ॲमिगा ५०० या जुन्या घरगुती संगणकावर डिलक्स पेंट ३ या चित्रकलेच्या कार्यक्रमात हाताने रेखाटलेले एक ॲनिमेशन मी जवळजवळ पूर्ण केले आहे. पाण्याच्या काठावर एक बगळा उभा आहे, तो मान वळवतो, दोन पावले टाकतो आणि पंख पसरून उडून जातो, एवढाच त्याचा विषय आहे. चित्राचा आकार ३२०×२५६ आहे, रंग ३२ आहेत, आणि वेग सेकंदाला सुमारे १२ फ्रेम ठेवला आहे. फाइल ॲनिम प्रकारात जतन केली असून तिचा आकार ६०० किलोबाइटच्या थोडा वर गेला आहे.

माझ्या संगणकात १ मेगाबाइट मेमरी आहे, त्यामुळे मला ते व्यवस्थित पाहता येते. ज्यांना ते द्यायचे आहे त्यांच्यापैकी काहींकडे मात्र ५१२ किलोबाइटचाच ॲमिगा आणि किकस्टार्ट १.३ ही जुनी मूळ प्रणाली आहे. डिलक्स पेंट ३ ला स्वतःलाच १ मेगाबाइट लागत असल्याने त्या कार्यक्रमातून ते पाहणे त्यांना शक्य नाही. काही जण केवळ एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा कार्यक्रम, वापरतात. एका परिचितांकडे ४८ किलोबाइटचा झेडएक्स स्पेक्ट्रम आहे आणि दुसऱ्यांकडे कमोडोर ६४. त्यांच्यासाठी साधी, लहान आवृत्ती नव्याने रेखाटायची माझी तयारी आहे.

डिस्क आत सरकवली की इतर काही न करता ॲनिमेशन सुरू व्हावे, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी कोणत्या प्रकारचा प्लेअर घ्यावा, चित्रांचा दर्जा न घालवता फाइल कशी लहान करावी, आणि आठ बिटांच्या दोन यंत्रांसाठी कोणत्या मार्गाने जावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बिटप्लेन:

आपला प्रश्न प्लेअरच्या निवडीचा वाटतो, पण आपल्याला येत असलेली बहुतेक अडचण रेखाटनाच्या पद्धतीतून आलेली आहे. म्हणून मी आधी त्याबद्दल लिहितो.

बिटप्लेन म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या रंगक्रमांकाचा एकेक बिट साठवणारा थर; ३२ रंगांच्या चित्राला असे पाच बिटप्लेन लागतात. ३२०×२५६ आकाराचा एक बिटप्लेन १०,२४० बाइटांचा असतो, म्हणजे एक पूर्ण चित्र ५१,२०० बाइटांचे झाले. ॲमिगाच्या ८८० किलोबाइटच्या डिस्कवर अशी पूर्ण चित्रे १७ च मावतील, आणि आपल्या वेगाने ती दीड सेकंदही पुरणार नाहीत. म्हणून ॲनिम प्रकारात पहिले चित्र तेवढे पूर्ण साठवतात आणि पुढच्या प्रत्येक फ्रेमसाठी केवळ बदललेला भाग लिहितात. फाइलचा आकार फ्रेमच्या संख्येपेक्षा फ्रेमगणिक किती बदलले यावर ठरतो, हे एकदा मनात पक्के बसले की रेखाटताना हात आपोआप वेगळा चालू लागतो.

डिलक्स पेंट जी पद्धत वापरतो तिच्यात प्रत्येक बिटप्लेन आठ पिक्सेल रुंदीच्या उभ्या पट्ट्यांमध्ये वाचला जातो. ३२० पिक्सेलांच्या रुंदीत अशा ४० पट्ट्या होतात. प्रत्येक पट्टीसाठी तीनच प्रकारच्या आज्ञा असतात: इतक्या ओळी तशाच सोडून पुढे जा, इतक्या ओळींत हाच एक बाइट भर, किंवा पुढे दिलेले बाइट जसेच्या तसे उतरव. न बदललेल्या पट्टीला एकच बाइट खर्च होतो, आणि संपूर्ण बिटप्लेन बदलला नसेल तर तेवढाही होत नाही. महाग पडते ती तिसरी आज्ञा, कारण तिच्यात काहीच बचत नाही.

यावरून आपल्या बगळ्यासाठी काही गोष्टी थेट निघतात. पाण्यावरची झिलमिल आपण प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने रेखाटली असेल, तर बहुतेक बाइट तिथेच गेले असणार. तीच झिलमिल रंगचक्राने, म्हणजे चित्र तसेच ठेवून केवळ पॅलेटमधील रंग फिरवून करता येते. मात्र ॲनिम वाजवताना रंगचक्र चालू ठेवणारा प्लेअर निवडावा लागेल, आणि सगळे प्लेअर ते करत नाहीत. पंखांवर ठिपक्यांची छटा दिली असेल तर ती काढून सपाट रंग वापरावा. बुद्धिबळाच्या पटासारख्या छटेत प्रत्येक ओळीचा बाइट वरच्या ओळीपेक्षा वेगळा येतो, म्हणून दुसरी आज्ञा तिथे निकामी होते. छटा हवीच असेल तर उभ्या रेषांची द्यावी, कारण उभ्या पट्टीत तोच बाइट खालपर्यंत राहतो.

रंगांच्या क्रमाकडेही लक्ष द्यावे. बगळा हलतो ते आकाश पॅलेटमधील शून्य क्रमांकाच्या रंगात असेल आणि बगळा पहिल्या तीन रंगांत रंगवलेला असेल, तर तो हलताना पाचांपैकी दोनच बिटप्लेन बदलतात. तोच बगळा २५, २८ आणि ३१ क्रमांकांच्या रंगांत रंगवला तर पाचही बदलतात. डोळ्याला दोन्ही चित्रे एकसारखीच दिसतील, फाइलच्या आकारात मात्र मोठा फरक पडेल. पॅलेटमध्ये रंगांची जागा बदलून चित्र त्यानुसार पुन्हा रंगवण्याचे काम कंटाळवाणे आहे, तरी माझ्या मते आपल्या बाबतीत त्यासारखा लाभ दुसऱ्या कशातही नाही.

आता मेमरीचे पाहू. प्लेअरला दोन पडदे लागतात, एक दिसणारा आणि दुसरा मागे तयार होणारा. ३२ रंगांत हे दोन मिळून १०० किलोबाइट होतात आणि ते चिप मेमरीतच, म्हणजे चित्रण करणाऱ्या चिपांना वाचता येणाऱ्या मेमरीतच, असावे लागतात. १६ रंगांवर आलात तर ८० किलोबाइट पुरतात. बदलांची माहिती प्रोसेसर स्वतः वाचत असल्याने ती कोणत्याही मेमरीत राहू शकते, पण ५१२ किलोबाइटच्या यंत्रात दुसरी मेमरीच नसते. किकस्टार्टची स्वतःची गरज, प्लेअर आणि दोन पडदे वजा केल्यावर सुमारे ३०० किलोबाइटच्या आतली फाइल निर्धास्तपणे चालेल असे धरावे. जास्तीचा फ्लॉपी ड्राइव्ह जोडलेला असेल तर तोही थोडी मेमरी घेतो, म्हणून काठोकाठ हिशोब करू नये.

दोन पडद्यांच्या या रचनेचा एक परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाही. मागचा पडदा तयार करायला घेतला जातो तेव्हा त्यावर दोन फ्रेम आधीचे चित्र असते, म्हणून ॲनिम फाइलमधील फरक लगतच्या फ्रेमशी नसून दोन फ्रेम मागच्या चित्राशी काढलेला असतो. ॲनिमेशन संपताच पुन्हा सुरू होण्याचे आवर्तन अखंड चालावे यासाठी फाइलच्या शेवटी पहिल्या दोन फ्रेम पुन्हा आलेल्या असतात. ज्या प्लेअरला हे कळत नाही तो आवर्तनाच्या सांध्यावर अडखळतो. त्यामुळे कोणताही प्लेअर पारखताना चार-पाच फ्रेमचे छोटे आवर्तन करून त्याचा सांधा पाहावा. दोष असेल तर तो तिथे लगेच दिसतो.

प्लेअर किकस्टार्ट १.३ वर चालणारा हवा. व्ह्यूटेक हा उत्तम आणि बहुपरिचित कार्यक्रम आहे, पण त्याला पुढच्या पिढीची प्रणाली लागते, म्हणून आपल्या कामाचा नाही. ॲमिनेट हा संग्रह १९९२ पासून चालू आहे आणि त्यात १.३ साठी लिहिलेले छोटे प्लेअर आजही मिळतात. सोबतच्या मजकुरात मुक्त वितरणाची परवानगी स्पष्ट लिहिलेली आहे ना, हे पाहून मगच तो आपल्या डिस्कवर ठेवावा आणि तो मजकूरही सोबत द्यावा.

डिस्क बनवणे अवघड नाही. कोरी डिस्क फॉरमॅट करून इन्स्टॉल ही आज्ञा दिली की तिच्या सुरुवातीच्या १,०२४ बाइटांत बूट खंड लिहिला जातो. मग एस नावाच्या कप्प्यात स्टार्टअप-सीक्वेन्स ही फाइल ठेवून तिच्यात प्लेअरचे नाव आणि ॲनिमेशनचे नाव एवढी एकच ओळ लिहावी. वर्कबेंच, म्हणजे ॲमिगाचा खिडक्या-चित्रांचा पडदा, उघडू नये, ते विनाकारण मेमरी खाते. जुन्या फाइल पद्धतीत ५१२ बाइटांच्या प्रत्येक खंडातले ४८८ बाइटच आपल्या वाट्याला येतात, हे जागा मोजताना लक्षात ठेवावे.

काठावरचा_बगळा:

एवढ्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. झिलमिल खरोखरच प्रत्येक फ्रेममध्ये हाताने रेखाटलेली आहे, आणि बगळ्याचे रंग पॅलेटच्या शेवटी आहेत. दोन्ही बदल करून पाहतो. एक शंका राहते: फाइल ३०० किलोबाइटच्या आत आलीच नाही, तर ती दोन भागांत तोडून एकामागून एक दाखवणे शोभून दिसेल का?

बिटप्लेन:

शोभेल, पण तोडण्याची जागा विचाराने निवडावी लागेल. पहिला भाग संपून दुसरा डिस्कवरून वाचला जाईपर्यंत काही सेकंद पडदा रिकामा राहील. बगळा पाऊल उचलत असताना तो रिकामा झाला तर पाहणाऱ्याला बिघाड झाल्यासारखे वाटेल, आणि दृश्य बदलताना झाला तर ते विश्रांतीसारखे वाटेल. आपल्या कथेत उड्डाणाआधीचा क्षण त्यासाठी योग्य आहे: पहिला भाग बगळा मान वर करून स्थिर उभा राहतो तिथे संपवावा आणि दुसरा भाग जवळून दिसणाऱ्या पंखांच्या नव्या दृश्याने सुरू करावा.

टेपवरील_पडदा:

आठ बिटांच्या यंत्रांबद्दल मी लिहितो. तिथे सगळ्यांना चालेल असा तयार प्लेअर शोधण्यापेक्षा आपल्या चित्रांपुरता छोटा प्लेअर लिहिणे सोपे जाते, कारण काम फार थोडे असते आणि मेमरीचा प्रत्येक बाइट मोजावा लागतो.

स्पेक्ट्रमचा पडदा २५६×१९२ पिक्सेलांचा असून ६,९१२ बाइटांचा असतो. त्यातले ६,१४४ बाइट चित्राचे आणि ७६८ रंगांचे. ४८ किलोबाइट मेमरीतून पडदा वजा केला की ४२,२४० बाइट उरतात, म्हणजे पूर्ण चित्रे सहाच मावतात आणि प्लेअरसकट बाकी सगळ्यासाठी ७६८ बाइट राहतात. वेगाचेही तसेच आहे. झेड८० या त्याच्या प्रोसेसरची सलग नक्कल करणारी एलडीआयआर ही आज्ञा बाइटामागे २१ घड्याळठोके घेते, त्यामुळे पूर्ण पडद्याला १,४५,१५२ ठोके लागतात, आणि पडदा एकदा ताजा होण्याचे एक आवर्तन मात्र ६९,८८८ ठोक्यांचे असते. पूर्ण चित्र बदलायला गेलात तर दोन आवर्तनांहून अधिक वेळ जातो आणि चित्र मधेच फाटलेले दिसते. १२८ किलोबाइटच्या स्पेक्ट्रमला दुसरा पडदा आहे, ४८ च्या यंत्राला नाही.

म्हणून स्पेक्ट्रमच्या ८×८ पिक्सेलांच्या घरांचाच आधार घ्यावा. पडद्यावर अशी ७६८ घरे असतात. प्रत्येक फ्रेमसाठी फक्त बदललेली घरे लिहावीत: घराच्या पत्त्याचे २ बाइट, आकृतीचे ८ आणि रंगाचा १, असे मिळून ११. आपला बगळा सहा घरे रुंद आणि आठ घरे उंच काढला तर ४८ घरे, म्हणजे फ्रेमला जास्तीत जास्त ५२८ बाइट होतील. पार्श्वभूमीचे चित्र टेपवरून थेट पडद्याच्या मेमरीत उतरते, त्याला वेगळी जागा लागत नाही. अशा रीतीने सत्तरच्या आसपास फ्रेम बसू शकतात. एका घरात दोनच रंग चालतात, तेव्हा बगळा आणि आकाश यांचे रंग आधीच ठरवून घ्यावेत आणि बगळ्याच्या कडेला तिसरा रंग येऊ देऊ नये.

वेगासाठी हॉल्ट ही आज्ञा पुरेशी आहे. ती पुढच्या व्यत्ययापर्यंत, म्हणजे पडदा ताजा होताना प्रोसेसरला मिळणाऱ्या इशाऱ्यापर्यंत, थांबते आणि व्यत्यय सेकंदाला ५० वेळा येतो. दर चार व्यत्ययांना एक फ्रेम दाखवली की वेग साडेबारा होतो, म्हणजे आपल्याला हवा तोच. व्यत्ययानंतर चित्राची पहिली ओळ उमटेपर्यंत सुमारे १४,३०० ठोके मिळतात आणि खालच्या प्रत्येक ओळीमागे आणखी २२४. ४८ घरांचे ४३२ बाइट तेवढ्यात उतरवायचे तर बाइटामागे तेहेतीस ठोके येतात. नीट लिहिलेल्या कोडला ते जमते, आणि बगळा पडद्याच्या खालच्या भागात असेल तर वेळ भरपूर उरतो. घरातील पुढची ओळ मेमरीत बरोबर २५६ बाइटांनी पुढे असते, त्यामुळे पत्त्याचा फक्त वरचा बाइट एकाने वाढवावा लागतो. पडद्याची ही मांडणी प्रथमदर्शनी विचित्र वाटते, पण अशा कामात ती फार सोयीची ठरते.

कमोडोर ६४ वर मी याहून वेगळा मार्ग घेईन. तिथे हलणारी आकृती स्प्राइटनेच, म्हणजे पार्श्वभूमी न बदलता चिप तिच्यावर दाखवते अशा छोट्या चित्रानेच, करावी. एक स्प्राइट २४×२१ पिक्सेलांचा असतो आणि ६४ बाइटांच्या खणात बसतो. चार स्प्राइट जुळवून ४८×४२ चा बगळा काढला तर फ्रेमला २५६ बाइट लागतात. चित्रण करणारी चिप एका वेळी १६ किलोबाइटचाच विभाग पाहू शकते. पार्श्वभूमीच्या बिटमॅपला ८ किलोबाइट आणि तिच्या रंगांना १ किलोबाइट दिल्यावर उरलेल्या ७ किलोबाइटांत बगळ्याच्या २८ स्थिती राहतात. त्यासाठी १६३८४ पत्त्यापासून सुरू होणारा विभाग घ्यावा, कारण तिथे रॉममधील अक्षरे मधे येत नाहीत. पुढची फ्रेम दाखवायला कोणता खण दाखवायचा हे सांगणारे चार निर्देशक बाइट बदलले की झाले, पार्श्वभूमीला हात लावावा लागत नाही. पंखांची उघडझाप त्याच त्या स्थिती पुन्हा वापरून होत असल्याने २८ स्थिती बऱ्याच वेळेला पुरतात.

अक्षरांच्या पडद्यावर ॲनिमेशन करायचे असेल तर त्याच विभागात एक स्वतःचा अक्षरसंच ठेवून उरलेल्या जागेत १४ पडदे मावतात आणि ५३२७२ या पत्त्यावरील एकच बाइट बदलून एकावरून दुसऱ्यावर जाता येते. रंगांची मेमरी मात्र ५५२९६ पासून एकच असते, ती पडद्याबरोबर बदलत नाही. बगळ्यासाठी मला हा मार्ग योग्य वाटत नाही, पण पाऊस किंवा डोलणारे गवत यांच्यासाठी तो सुंदर आहे.

सरळ_फाइल:

मला नम्रपणे वेगळे मत मांडायचे आहे. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे जुने यंत्र नसते. ॲनिमेशन एम्युलेटरमध्ये चालवून त्याचे ध्वनिचित्रमुद्रण दिले तर सगळ्यांना ते लगेच दिसेल. तीन यंत्रांसाठी तीन प्लेअर करण्यात जी शक्ती जाईल ती दुसरे ॲनिमेशन रेखाटण्यात लावावी, असे मला वाटते.

टेपवरील_पडदा:

मुद्रण सोबत जरूर द्यावे, त्याला माझा विरोध नाही. पण ते मूळ कृतीच्या जागी देऊ नये. सेकंदाला ५० वेळा ताजा होणारा पडदा ३० फ्रेमच्या मुद्रणात आला की काही फ्रेम गळतात आणि उरलेल्यांचा ताल असमान होतो. हाताने मोजून रेखाटलेल्या चालीत हा फरक लगेच जाणवतो. शिवाय प्रश्नकर्त्यांना ते ज्यांना द्यायचे आहे त्यांच्याकडे ही यंत्रे प्रत्यक्ष आहेत, आणि आपल्या यंत्राने स्वतः रंगवलेले चित्र पाहणे हाच त्यांचा आनंद आहे. ४८ किलोबाइटमध्ये एक बगळा कसा उडतो हे पाहून त्यांच्यापैकी कोणी उद्या स्वतः रेखाटायला बसले तर त्यांना मुद्रणातून काहीच शिकता येणार नाही, प्लेअरच्या कोडमधून मात्र सगळे शिकता येईल. म्हणून कोडही सोबत द्यावे.

दुहेरी_बाजू:

वितरणाबद्दल थोडे लिहितो. ॲमिगासाठी एडीएफ प्रतिमा, म्हणजे पूर्ण डिस्कची एका फाइलमधील प्रत, द्यावी. ती नेहमी ९,०१,१२० बाइटांची असते, एम्युलेटर तिला थेट वाचतात, आणि फ्लॉपीच्या जागी गोटेक हे यूएसबीवरून डिस्कच्या प्रतिमा वाचणारे उपकरण बसवलेल्यांनाही ती चालते. खऱ्या फ्लॉपीवर उतरवायची असेल तर साध्या पीसीच्या फ्लॉपी नियंत्रकाला ॲमिगाची मांडणी लिहिता येत नाही, त्यासाठी ग्रीझविझल यासारखे यूएसबीवर चालणारे उपकरण लागते. कमोडोरसाठी १,७४,८४८ बाइटांची डी६४ प्रतिमा सर्वत्र चालते. स्पेक्ट्रमसाठी मेमरीचे स्थिरचित्र न देता टेपची प्रत असलेली टॅप फाइल द्यावी, कारण तिचा आवाज करून खऱ्या यंत्राच्या टेपच्या जोडणीतून ती चढवता येते.

पुढे कधी अटारी एसटीसाठी आवृत्ती केलीत तर तिथे पडदा ३२,००० बाइटांचा, १६ रंगांचा असतो, आणि सायबर पेंटमध्ये बदलच साठवणारी सेक ही फाइल बनते. सायबर पेंट लिहिणाऱ्या जिम केंट यांनीच पुढे पीसीवरचा ऑटोडेस्क ॲनिमेटर लिहिला. त्याच्या फ्लिक फाइलमध्येही आवर्तन जोडणारी एक फ्रेम शेवटी असते, वर सांगितलेल्या ॲनिमच्या दोन फ्रेमसारखीच. हेच केंट २००० साली मानवी जनुकसंचाचे तुकडे जुळवणाऱ्या कार्यक्रमाचे लेखक झाले, हे जाणून मला फार आदर वाटतो.

एक बाब मात्र चुकवू नये. काही देशांतील यंत्रे सेकंदाला ५० वेळा आणि काहींतील ६० वेळा पडदा ताजा करतात. आपला प्लेअर पडद्याची आवर्तने मोजून चालत असेल, तर येथे १२ सेकंद चालणारे ॲनिमेशन तिथे १० सेकंदांत संपेल, आणि २५६ ओळींच्या चित्राच्या खालच्या ओळी साठ आवर्तनांच्या ॲमिगावर दिसणारच नाहीत, कारण तिथे साधारण २०० ओळींचा पडदा असतो. महत्त्वाचे काही खालच्या ५६ ओळींत ठेवू नये.

काठावरचा_बगळा:

सर्वांचे आभार. बगळ्याचे पाय नेमके त्याच खालच्या ओळींत आहेत, त्यामुळे संपूर्ण दृश्य वर सरकवतो. पॅलेटचा क्रम बदलून पहिल्या चाळीस फ्रेम पुन्हा जतन केल्या, आणि तेवढ्यानेच त्यांचा आकार निम्म्याहून कमी झाला. झिलमिल रंगचक्राने करण्याचे काम आता हाती घेतो. स्पेक्ट्रमसाठी ४८ घरांचा बगळा चौकटीच्या कागदावर रेखाटायला सुरुवात केली आहे. घरांची यादी तयार करणारा छोटा कार्यक्रम झाला की कोडसकट तो येथेच देईन.

टेपवरील_पडदा:

यादी करताना एक सोय करून ठेवावी: प्रत्येक फ्रेमच्या आधी घरांची संख्या एका बाइटात लिहावी आणि ती शून्य आली तर प्लेअरने सुरुवातीला परतावे. मग फ्रेम वाढवल्या किंवा कमी केल्या तरी प्लेअरच्या कोडमध्ये काहीही बदलावे लागणार नाही. परतल्यावर पहिली फ्रेम बरोबर दिसण्यासाठी शेवटच्या फ्रेममध्ये बगळ्याने व्यापलेली सगळी घरे पार्श्वभूमीने भरून घ्यावीत.